मालकीणबाईंचं मनगट

ते वर्ष १९८८. सोलमध्ये ऑलिंपिक भरायचं म्हणून सगळा देश रस्ते झाडत होता आणि भिंती रंगवत होता. दैगू शहराच्या पश्चिमेला, कापडगिरण्यांच्या मागच्या गल्लीत बे सुनदॉक नावाच्या बाईचं घर होतं. त्या घरातली वीज ऑगस्ट अखेरपासून दर दोन-चार दिवसांनी जाऊ लागली. गल्लीतली जात नव्हती, शेजारच्या तांदूळवाल्याकडची जात नव्हती. त्या एकाच घरातली जायची आणि गेली की सगळ्या खोल्यांतली एकदम जायची.

घर जुन्या पद्धतीचं होतं. मध्ये अंगण, अंगणात नळ, नळामागे कोठीची खोली. उत्तरेच्या दोन खोल्यांत मालकीणबाई एकट्या राहत. बाजूच्या खोलीत छॉन नावाचे टॅक्सीवाले होते. ते एक दिवस गाडी चालवायचे आणि एक दिवस झोपा काढायचे. दारालगतच्या खोलीत ओकनाम राहायची. चौतीस वर्षांची, नवरा गेलेली, पदरात बोरा नावाची आठ वर्षांची मुलगी. ओकनाम घरीच हानबोक, म्हणजे सणासमारंभाचे पारंपरिक कपडे, शिवायची. तिघांचं मीटर एक, आणि मीटरखाली दाराच्या वर लावलेला ब्रेकरही एकच.

हा ब्रेकर दोन वर्षांपूर्वी बसवला होता. त्याआधी तिथे चिनीमातीचा फ्यूज होता, आणि त्या पेटीला सगळे बेडकाचं घर म्हणायचे. फ्यूज गेला, ब्रेकर आला, पण नाव तेच राहिलं. "बेडकाच्या घरात जाऊन ये गं," असं मालकीणबाई म्हणाल्या की बोरा स्टूल घेऊन जायची आणि पडलेला खटका वर करायची. लाईट यायची.

सणाचे दिवस जवळ येत होते. छुसॉकला, म्हणजे सुगीच्या सणाला, नवा हानबोक घालून पूर्वजांपुढे वाकायचं, म्हणून सप्टेंबरचे तीन आठवडे ओकनामला मान वर करायला सवड नसायची. हानबोक शिवून भागत नाही. गळ्याची पांढरी पट्टी अशी बसावी लागते की माणूस वाकलं तरी तिला चुणी पडू नये, आणि ते काम इस्त्रीचं. तिची इस्त्री जुनी, नवऱ्याने लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात आणलेली. वायरवर सुताचं वेष्टण, ते दोन ठिकाणी उसवलेलं, तिनेच टाके घालून शिवलेलं.

त्या टाक्यांवरच सगळ्यांची नजर गेली.

"अगं बोराच्या आई," मालकीणबाई अंगणातून ओरडल्या, तेव्हा चौथ्यांदा लाईट गेली होती, "इस्त्री आहे की भट्टी? सगळ्या घराच्या तोंडचा घास एकटी खातेयस!"

"या घरात आठ वर्षं हीच इस्त्री आहे, मालकीणबाई. आजवर कधी काही झालं नाही."

"आठ वर्षांपूर्वी माझेही सगळे दात होते."

छॉन बनियनवर बाहेर आले. सुट्टीचा दिवस होता आणि टीव्हीवर बॉक्सिंगच्या सरावाचं काहीतरी लागलं होतं. "बाई, तुम्हाला सांगून ठेवतो," ते म्हणाले, "ऑलिंपिक सुरू झाल्यावर आपला गडी ठोसा उगारेल आणि नेमकी लाईट जाईल, तर मी त्या इस्त्रीला टॅक्सीखाली घालीन."

"घाला ना," ओकनाम म्हणाली. "मग तुमच्या पुतण्याच्या लग्नाचे कपडे दाताने इस्त्री करा."

छॉन हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांचा हिशेब सरळ होता. जुन्या फ्यूजच्या काळात ज्याने जास्त वीज ओढली त्याच्यामुळे तार वितळायची. पातेल्यात भात तेवढाच, एकाने परात भरून घेतली की बाकीच्यांना खरवड. ब्रेकर पडतो म्हणजे कोणीतरी जास्त ओढतंय, आणि घरात सगळ्यांत जास्त ओढणारी वस्तू इस्त्री. यात त्यांना शंका घ्यायला जागाच दिसत नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या ओकनामच्या उंबऱ्यावर बसल्या. सोबत ओइजीची वाटी आणली होती. मिठाच्या पाण्यात उन्हाळाभर दगडाखाली मुरवलेल्या काकड्या, पातळ चकत्या करून, घट्ट पिळून, लसूण, तिखट आणि तिळाचं तेल लावलेल्या. मालकीणबाईंची ओइजी गल्लीत नावाजलेली होती. चावली की कुर्रकन आवाज व्हायचा. सगळं कसब पिळण्यात असतं, आणि ते बायकांच्या मनगटांचं मरण. एक वाटीभर पिळायची तर हात भरून यायचे. मालकीणबाई मात्र साठी उलटलेली असून सबंध घागर पिळायच्या आणि गल्लीभर वाट्या पाठवायच्या. "मनगट असावं तर सुनदॉकबाईंचं," असं तांदूळवाल्याची म्हातारी म्हणायची. मग मालकीणबाई बाही वर सारून मनगट दाखवायच्या.

वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी वाकडं बोलत नाही, तू मनात ठेवू नकोस. एक तर ही इस्त्री जाईल, नाही तर सण झाला की तू दुसरी खोली बघ. घराला आग लागली तर मी कुठे जाऊ?"

ओकनामने सुईतला दोरा तोडला. "बघते," एवढंच म्हणाली.

खोली बघणं सोपं नव्हतं. एकट्या बाईला, त्यातून मुलगी असलेल्या, खोली देताना लोक हजार प्रश्न विचारायचे. आठ वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी एकही विचारला नव्हता. तान्ह्या बोराकडे बघून, "रात्री रडते का?" एवढंच विचारलं होतं. खोलीला दक्षिणेची खिडकी होती, चार वाजेपर्यंत कापडावर ऊन राहायचं. गिऱ्हाइकं दार ओळखत होती. बोराची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. इस्त्री बदलून सगळं मिटलं असतं तर तिने उसने आणूनही बदलली असती. पण एका मैत्रिणीची नवी इस्त्री तिने दोन दिवस आणून वापरली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाईट गेली. हे तिने मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझा हातच जड."

शेवटी तिने बाजारातून प्यो वायरमनला आणलं. प्यो बारीक अंगाचे, पन्नाशीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी सगळ्या खोल्यांतले प्लग काढायला लावले. मग एकेक लावत गेले. दिवे, टीव्ही, छॉनचा पंखा, मालकीणबाईंचा भाताचा कुकर, फ्रीज. शेवटी इस्त्री. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. इस्त्री तापली, प्योंनी थुंकी लावलेलं बोट तिच्यावर टेकवून चर्रकन काढलं, तरी लाईट गेली नाही. मग त्यांनी इस्त्री, कुकर, फ्रीज, टीव्ही सगळं एकदम चालू केलं. ब्रेकर जागचा हलला नाही.

"आणखी काही आहे घरात?"

"नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

प्यो खाली बसून सातूचं गार पाणी प्यायले. "बाई, तुम्ही समजता तसं नसतं ते. हा ब्रेकर कोण किती खातं ते बघत नाही. वीज एका तारेने आत जाते, काम करते, दुसऱ्या तारेने परत येते. हा दारात उभा राहून बघतो, गेली तेवढी परत आली का. थोडी जरी कमी आली, म्हणजे वाटेत कुठेतरी पाझरतेय. भिंतीत, जमिनीत, नाहीतर माणसात. मग हा कोण, कुठे, ते विचारत बसत नाही. दार लावून घेतो. सगळ्यांचं."

"एकाच्या पापाने सगळी गल्ली उपाशी," छॉन म्हणाले. "तार घाला एक, काढून टाका त्याला वाटेतून. आमच्या गॅरेजमध्ये तसंच केलंय."

"मग त्या गॅरेजचा पत्ता द्या. मयताला यावं लागेल." प्यो उठले. "पुन्हा पडला तर त्या क्षणी कोण काय करत होतं ते बघा. खटका वर करायला धावू नका, आधी बघा."

दोन दिवसांनी पुन्हा पडला. सकाळी साडेदहाला. ओकनाम यंत्रावर शिवत होती आणि बाजूला इस्त्री तापत होती.

"आता?" मालकीणबाई दारात आल्या. "त्या प्योने काय पाजलं तुझ्या इस्त्रीला? तो असताना बरी गुणाची झाली होती!"

ओकनामने भिंतीवरच्या कॅलेंडरवर कपड्यावर खुणा करायच्या खडूने रेघ मारली. आधीच्या तारखाही आठवून टाकल्या. त्या तिला शिवणाच्या गिऱ्हाइकांवरून आठवत होत्या, कारण ज्या ज्या दिवशी लाईट गेली त्या दिवशी मालकीणबाई विजेची इस्त्री लावू देत नसत आणि तिला आईची कोळशाची इस्त्री पेटवावी लागली होती. नऊ रेघा झाल्या. सगळ्या सकाळच्या. सगळ्या वेळी ती कामात होती, पण ती तर रोजच सकाळी कामात असे. मग मधले दिवस कोरे का?

त्या संध्याकाळी तिने मालकीणबाईंची वाटी परत द्यायला घेतली. दुसऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही हा रिवाज, म्हणून आत उकडलेली चार रताळी ठेवली. खिडकीच्या फळीवर त्यांची आणखी एक वाटी धुवून पालथी घातलेली होती, परवा सकाळची, प्यो यायच्या आधीची. परवाही ओइजी आली होती. परवाही लाईट गेली होती. ओकनाम कॅलेंडरपुढे उभी राहिली आणि एकेक रेघ वाटीशी जुळवत गेली. एकोणतीस ऑगस्टला आलेली वाटी परत देताना तिने द्राक्षं पाठवली होती, तीन तारखेला खोली सोडायला सांगायला येताना बाईंच्या हातात वाटी होतीच. एकही रेघ वाटीवाचून नव्हती.

ओइजी पिळायला वीज कशाला लागते?

मग तिला स्पिनर आठवला. गेल्या हिवाळ्यात मालकीणबाईंच्या भाच्याने त्यांना कपडे पिळायचं छोटं यंत्र आणून दिलं होतं. उभं डबड्यासारखं, झाकण लावलं की गरगर फिरून कपड्यातलं पाणी काढायचं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्यांनी ते दाखवलं होतं, आणि मग म्हणाल्या होत्या, "मला कशाला लागतंय? माझी मनगटं शाबूत आहेत." त्यानंतर ते कोणी पाहिलं नव्हतं. प्योंनी विचारलं तेव्हा कोणाला आठवलंही नव्हतं.

आणि सकाळच का, तेही तिच्या ध्यानात आलं. सकाळी तिचं शिवणयंत्र मोटरवर चालायचं, घरभर खडखडाट; दुपारनंतर हातशिलाई. त्या आवाजात कोठीतली घरघर कोणाला ऐकू जाणार? मालकीणबाई तिचं यंत्र सुरू व्हायची वाट बघत होत्या. ओकनामला जरा हसूही आलं. मग कॅलेंडरवर सणाची तारीख दिसली आणि हसू गेलं.

बावीस सप्टेंबर, गुरुवार. सणाला तीन दिवस. बोरा शाळेत गेली होती, छॉन सुट्टीवर, टीव्हीपुढे. मालकीणबाईंनी सकाळीच घागरीवरचा दगड बाजूला केलेला ओकनामने पाहिला. सणाला त्यांच्या नणंदा यायच्या होत्या. घागरभर ओइजी लागणार.

साडेनऊला तिने आपल्या खोलीतले सगळे प्लग काढले. दिव्याचं बटण बंद केलं. शिवणयंत्र मुळात पायाचं होतं, मोटर मागून बसवलेली. तिने मोटरचा पट्टा काढून पायाच्या पॅडलचा चढवला आणि पायाने यंत्र चालवायला बसली. आवाज जुनाच. खिडकीतून बघणाऱ्याला बाई कामात आहे एवढंच दिसलं असतं.

दहा वाजून गेले. तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. सुईखाली तिने एक चिंधी सरकवत ठेवली होती. तिच्यावर टाक्यांच्या इतक्या रांगा पडल्या की ती पुठ्ठ्यासारखी झाली.

मग दाराच्या वर खट् असा आवाज झाला आणि छॉनच्या टीव्हीतला निवेदक अर्ध्या शब्दावर गप्प झाला.

"बोराच्या आई!" छॉन चपला न घालताच अंगणात आले. "पुन्हा ती इस्त्री? आपला पोरगा शेवटच्या फेरीत आहे तिकडे!"

ओकनाम बाहेर आली आणि तिने इस्त्री त्यांच्या हातात ठेवली.

छॉननी ती आधी घाईने सोडायला बघितली, मग सोडली नाही. उलटी केली. तळावर तळहात ठेवला. "गार आहे," ते म्हणाले.

"सकाळपासून लावलेलीच नाही. आत बघा, माझा एकही प्लग लावलेला नाही."

"मग पाडला कोणी?"

कोठीचं दार उघडलं. मालकीणबाई दारात उभ्या. लाल रबरी मोजे कोपरापर्यंत, पायात रबरी बूट, कपाळावर घाम. मोज्यांवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी छॉनच्या हातातली इस्त्री पाहिली. मग ओकनामकडे पाहिलं. अंगणात लसणाचा आणि आंबलेल्या मिठाच्या पाण्याचा वास पसरला होता, पण त्या घरात तो रोजचाच.

ओकनामला एक वाक्य बोलायचं होतं. रात्री अंथरुणात तिने ते चांगलं घोळवलं होतं: मालकीणबाई, तुमचं मनगट वायरमनला दाखवून घ्या. ते तोंडापर्यंत आलं. पण समोरच्या बाईचे हात तसेच पुढे धरलेले होते, थेंब बुटांवर पडत होते, आणि ती मनगट मोज्यात लपवल्यासारखी उभी होती. तांदूळवाल्याची म्हातारीही आरडाओरडा ऐकून दारात डोकावली होती.

"बाईंनी स्पिनर लावला असेल," ओकनाम म्हणाली. "कपड्यांचा. पाझरत असेल तो."

मालकीणबाईंनी मोज्यांवरचं पाणी झटकलं. "हो. चादरी होत्या. पाहुणे येणार म्हणून."

"अहो, मग प्योंना सांगितलं का नाही?" छॉन म्हणाले.

"विसरले. म्हातारी झाले."

हे त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं.

प्यो दुपारी आले. स्पिनर आडवा करून त्यांनी खालचा पत्रा काढला. मोटरभोवती पांढरा थर साचला होता, वायरींच्या जोडावर हिरवं चढलं होतं. प्योंनी नखाने थोडं खरवडून जिभेला लावलं. मग पेन्सिलीच्या टोकाने काहीतरी उचलून उजेडात धरलं. काकडीची बी होती.

अंगणात तेव्हा मालकीणबाई आणि ओकनाम दोघीच होत्या.

"चादरी फार खारट होत्या," प्यो म्हणाले.

 त्यांनी बी पुसून टाकली आणि पत्रा बसवायला घेतला. "साध्या पाण्याने एवढं होत नाही. मिठाचं पाणी म्हणजे विजेला राजरस्ता. ते खाली उतरलं की वीज पत्र्यात येते, वाळलं की पुन्हा शहाणी. म्हणून कधी पडायचा, कधी नाही." मग मान वर न करता विचारलं, "मोजे नेहमी घालता, बाई?"

"तिखटाने हात भगभगतात."

"घालत चला. बूटही. आणि त्या दिवशी त्या टॅक्सीवाल्याचं ऐकून ब्रेकर काढून टाकला असता, आणि एक दिवस मोजे फाटके निघाले असते, तर ही घागर तुमच्या तेराव्याला लागली असती." त्यांनी स्पिनरचा प्लग पक्कडीने कापून खिशात टाकला. पैसे विचारले तर वाटीभर ओइजी मागितली.

अर्धी घागर पिळायची राहिली होती. ओकनामने बाह्या सारल्या. दोघी नळापाशी बसल्या आणि संध्याकाळ होईपर्यंत फडक्यात धरून पिळत राहिल्या. मालकीणबाईंना चार मुठींनंतर थांबावं लागायचं. मनगट चांगलंच सुजलेलं होतं, बहुधा बरीच वर्षं.

"तुझ्या हातात जोर आहे," त्या म्हणाल्या.

"जड हात आहे ना माझा."

"बोल, बोल. आज तुझा दिवस आहे."

खोलीबद्दल दोघींपैकी कोणी बोललं नाही. सण झाला. ओकनामचे सगळे हानबोक वेळेवर गेले. महिना संपायला एक दिवस असताना मालकीणबाई तिच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या, आतल्या भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भिंतींचा कागद पिवळा पडलाय. यंदा नवा लावून घेऊ. कोणता रंग पाहिजे ते बोराला विचार, माझी नजर जुनी."

त्या वर्षापासून मालकीणबाईंची ओइजी जरा मऊ लागू लागली. गल्लीत म्हणायचे, वयाचा परिणाम. वाट्याही कमी झाल्या. ओकनामकडे मात्र यायच्या, कारण निम्मी तिनेच पिळलेली असायची.

छॉननी पुढे टॅक्सी विकली आणि फोहांगला मुलाकडे गेले. तिथे समुद्राकाठी गळ टाकून बसत. सणाला फोन करायचे तेव्हा पहिला प्रश्न असे, "इस्त्री कशी आहे?" प्योंचं दुकान मुलाने मोबाईलचं केलं. प्यो मात्र शेवटपर्यंत दुकानापुढे खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ब्रेकरवरचं तपासणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगत. फार थोडे दाबत.

बोरा औषधांच्या दुकानात कामाला लागली, मग बुसानला लग्न होऊन गेली. तिच्या घरातल्या ब्रेकरलाही ती बेडकाचं घर म्हणते, आणि तिची मुलं हसतात.

मालकीणबाई २००४च्या हिवाळ्यात गेल्या. दवाखान्याच्या तळघरातल्या शोकगृहात त्यांच्या फोटोपुढे गल्लीतल्या बायका गरम रस्सा जेवत बसल्या होत्या. तांदूळवाल्याची म्हातारी तेव्हा नव्वदीला टेकलेली. ती म्हणाली, "मनगट असावं तर सुनदॉकबाईंचं. घागर पिळायची बाई एका हाताने."

ओकनाम तिच्या शेजारीच होती. "हो," ती म्हणाली, आणि तिला आणखी थोडा भात वाढला.

पुढे घर पाडून तिथे वीस मजली इमारत आली. ओकनाम आता दुसऱ्या वस्तीत, सातव्या मजल्यावर राहते. कपडे धुवायचं यंत्र आहे, पिळणारं, वाळवणारं, काम झालं की गाणं म्हणणारं. ओइजी ती हातानेच पिळते, दोन वाट्यांपुरती. इस्त्री कपाटात वरच्या फळीवर आहे, वायरवर तेच टाके. मागच्या सणाला नातीच्या गळ्याची पट्टी बसेना, तेव्हा काढली होती. लावल्यावर दोन मिनिटांत तापली.